भिणारा पैलवान

आमच्या व्याह्यांनी पहिल्यांदा मुक्कामाला येताना आणलेला खोका मी देवापुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. माझं फार चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. माणूस तासगावच्या बाजूचा, स्वतःचं बेदाण्याचं शेड असलेला. असा माणूस बगलेत चौकोनी खोका धरून दारात उभा राहिला, तर आत बेदाणाच असणार असं कुणालाही वाटेल. आणि आमच्या घरी नव्या सीझनचं काहीही आलं, की ते आधी देवापुढे जातं, मग पोटात.

जेवणं आटोपल्यावर व्याह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं, मशीन कुठं ठिवलं?"

मी म्हटलं, कसलं मशीन? तर म्हणाले, बीपी बघायचं. मंगल, म्हणजे माझी बायको, उठली, देवघरात गेली आणि खोका घेऊन आली. वरचं कुंकू ती पदरानं पुसत होती, पण ते पुसलं जाण्याऐवजी खोक्याच्या कोपऱ्यावर आणखी पसरलं. "ह्यांनी पूजा केलीय त्याची," ती म्हणाली. जावई हसला, मुलगी हसली, विहीणबाई पदराआड हसल्या. मीही हसलो, कारण अशा वेळी आपणच मोठ्यानं हसून घेतलेलं बरं असतं. एकटे व्याही हसले नाहीत. त्या लाल फराट्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, "क्येली ती बरी क्येली. पण आता उघडूया."

दौलतराव त्यांचं नाव. त्यांच्या भागात सगळे दौलू पैलवान म्हणायचे. उभा दरवाजा अडेल असं शरीर, आखाड्यात चुरगळून गेलेले कान, आणि मिशी अशी की लग्नात आमच्याकडच्या बायका पंगतीत वाढताना त्यांच्या पानापुढून जरा भरभर सरकत होत्या. या देहातून आवाजही तसाच येणार असं वाटायचं, तर यायचा अगदी मऊ, जरासा घाबरल्यासारखा. तो घाबरल्यासारखा नव्हता, घाबरलेलाच होता. त्यांचं वैशिष्ट्यच ते. पुरुषमाणसं जे वाक्य जन्मभर गिळून बसतात, ते हा माणूस चहा मागावा तितक्या सहज बोलून टाकायचा. "मला भ्या वाटतं."

त्या दिवशी ते आमच्या प्राजूला बाळंतपणासाठी माहेरी पोचवायला आले होते. सातवा सरत आला होता. डोहाळजेवण त्यांच्याकडे थाटात झालं होतं. आता पुढचं सगळं आमच्या उंब्रजच्या घरी व्हायचं, आणि जावयानं रीतीप्रमाणे बायकोला सोडून, जेवून, पान खाऊन परत जायचं, ते बारशाला उगवायचं. माझ्या वेळी असंच होतं. बाप झाल्याची बातमी मला मेहुण्यानं दुकानात येऊन सांगितली होती, आणि ती सांगायच्या आधी त्यानं पेढ्यांचे पैसे मागितले होते.

पण गाडीच्या डिकीतून प्राजूच्या बॅगांबरोबर आणखी एक बॅग उतरली. ती कुणाची म्हणून मी विचारलं.

"संग्रामची," व्याही म्हणाले. "त्यो ऱ्हाणार हाय. मोकळी हुईस्तवर."

मला घास गिळता आला नाही, म्हणजे घास नव्हताच तोंडात, तरी गिळता आला नाही. जावई सासुरवाडीत दोन महिने? तोही ऐन बेदाण्याच्या दिवसांत, जेव्हा त्यांच्याकडे शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि घरचा कर्ता मुलगा एक दिवस नसला तरी खोळंबा होतो? मी मंगलकडे पाहिलं. तिनं लगेच वरच्या खोलीतली गादी झटकायला घेतली. बायकांना अशा बाबतीत विचार करायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी मी व्याह्यांना बाहेर पायरीवर गाठलं. जरा आडवळणानं म्हटलं, की आमची काही हरकत नाही, घर तुमचंच आहे, पण आमच्याकडची माणसं जिभेला हाड नसलेली, उगाच घरजावई वगैरे बोलतील. त्यांनी ऐकून घेतलं. मग शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत त्यांनी मला जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत ते बसत नाही.

"आमची आक्का, माझी थोरली भन, अशीच पयल्या बाळंतपणाला म्हायेरी आल्ती. एक दिस डोकं दुखतंय म्हनली. तोंडावर सूज. आई म्हनली, दवाखान्यात न्या. बाप म्हनला, नेतो की, पर सासरच्यास्नी न इचारता कसं न्यायाचं? डाक्टर कापाया लागंल म्हनला तर हो म्हनायचं कुणी? पोरगी आता त्यांची. मग मला धाडलं इचाराया. मी तवा तालमीतला गडी, अंगात लय रग. सायकल अशी हाणली म्हनता. आक्काचा सासरा लय चांगला माणूस. च्या पाजला. म्हनला, आमी काय सांगायचं, पोरगी तुमच्या घरात, तुमी कराल त्ये खरं. मी म्हनलो, न्हाई, तुमीच सांगा. मग म्हनला, थांबा तर, सकाळी आमी येतो, बघू. मी त्यो निरोप घिऊन तसाच जोरात माघारी आलो."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"दोनी घरांनी एकमेकाचा लय मान राखला, पाव्हणं. त्या मानात आक्का ग्येली. प्वाट तसंच घिऊन."

मी विचारलं, की तुमचे दाजी कुठं होते त्या वेळी?

"थितंच. माझ्याम्होरं भिंतीला टेकून बसलं व्हतं. त्यास्नी कुणी इचारलं न्हाई, आन त्यांनी त्वांड उघडलं न्हाई. बाळंतपण बायकांचं, त्यात गड्याचं काय काम." त्यांनी बटण सोडलं. "म्हनून ह्याला ठिवून चाललोय. इचारायचं माणूस घरातच असलं म्हंजे कुणाला सायकल माराय लागत न्हाई. आन मला इचाराया फोन करायचा न्हाई. दवाखान्यात पोचला की करा. तवर मी मेलो समजा."

गाडी संग्रामसाठी ठेवून एसटीनं जाताना त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. हात एवढा मोठा, की तिचं डोकं त्याखाली दिसेनासं झालं. मग मुलाकडे वळून म्हणाले, "भीत ऱ्हा, रं."

लोक निरोप देताना सांभाळून राहा म्हणतात, काळजी घे म्हणतात. ह्यांचा निरोप हा असा.

पुढचे दिवस मी दोन गोष्टींच्या भीतीत काढले. एक भीती लोकांची, ती लगेच खरी झाली. माझं हायवेच्या कडेला भांड्यांचं दुकान आहे. संग्राम दुपारी तिथं येऊन बसायचा, आणि येणारा प्रत्येक जण कळश्या-पातेल्यांवरून नजर फिरवून शेवटी त्याच्यावर आणायचा. एकानं तर विचारलंच, "काय, भांड्याबरोबर जावई फुकट देताय काय?" संग्राम बिचारा मान खाली घालून हसायचा. पैलवानाचा मुलगा, नाव संग्राम, आणि स्वभाव असा की रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तर हा त्याला आधी सॉरी म्हणेल.

दुसरी भीती त्या मशीनची. सकाळ-संध्याकाळ संग्राम प्राजूच्या दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचा, आणि ते यंत्र घुर्र करत फुगायला लागलं, की मला दुकानातलं काहीतरी काम आठवायचं. बाहेर चपला घालत मी कान मात्र आत ठेवायचो. पट्ट्यातली हवा सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ प्राजू हसली, की मी चपला काढून परत आत. मंगल म्हणायची, एवढं भिताय तर बघा तरी आकडा. पण न बघता भिण्यात एक सोय असते. बघितलं की काहीतरी करावं लागतं.

रोज संध्याकाळी व्याह्यांचा फोन यायचा. खुशाली, जेवण, पाऊसपाणी काही नाही. आकडा विचारायचे, पायाला सूज आहे का विचारायचे, आणि मग संग्रामला एकच प्रश्न. "भ्यालास का आज?" तो हो म्हणाला, की फोन ठेवायचे.

याच दिवसांत एकदा मी त्यांच्या गावी जाऊन आलो. हापूसची पेटी पोचवायची होती आणि खरं सांगायचं तर या माणसाचं वेड कितपत आहे ते बघायचं होतं. शेड गावाबाहेर. जाळीच्या मजल्यांवर द्राक्षं पसरलेली, गंधकाचा वास नाकात चढणारा, खाली बायका बेदाणा निवडत बसलेल्या. पैलवान तिथं नव्हते. आरोग्य केंद्रात गेलेत म्हणून कळलं. मी म्हटलं, काय झालं? निवडणारी एक बाई म्हणाली, काही नाही, आज पोटुशींच्या तपासणीचा दिवस, आज ते गडी हाकायला जातात.

गडी हाकणं म्हणजे काय ते मी केंद्राच्या दारात पाहिलं. बायका आत रांगेत. त्यांचे नवरे बाहेर लिंबाखाली, मोटरसायकलींवर बसलेले, मोबाईलमध्ये मान घातलेले. दौलतराव प्रत्येकापुढे जाऊन उभे राहत होते. ते पुढ्यात उभे राहिले की ऊन जायचं, म्हणून माणूस वर बघायचाच.

"आत का न्हाई ग्येलास?" त्यांनी एकाला विचारलं. तो ट्रॅक्टर चालवणारा तरुण होता. म्हणाला, गाडीपाशी थांबलोय.

"का? गाडीला दिस ग्येल्यात व्हय?"

बाकीचे हसले. तो पोरगा लाल झाला, पण उतरला नाही. म्हणाला, बायकांत जाऊन मी काय करू, आणि मला कशाचं भ्या नाही, माझ्या आईला घरीच सहा झाली. त्यावर दौलतराव त्याच्या शेजारी सीटवर बसले. मोटरसायकलचा मागचा टायर निम्मा खाली गेला. मऊ आवाजात म्हणाले, "गड्या, मी आखाड्यात उतरताना दर बारीला भ्यालो. जो म्हंतो मी भ्यालो न्हाई, त्यो चितपट हुतो, कारण त्येला समोरचा दिसतच न्हाई. तुला भ्या न्हाई, तर तुझ्या वाटणीचं मी भितो. चल, मी येतो तुझ्या बायकूसंगं आत." आणि खरोखर उठून चालायला लागले. तो तरुण धावत पुढे गेला, कारण दौलू पैलवान आपल्या बायकोचा नवरा म्हणून आत बसलेला गावानं पाहायचा, त्यापेक्षा आपण गेलेलं परवडलं.

आतल्या नर्सबाईंनी मला सांगितलं, की आधी त्यांनाच हे आवडलं नव्हतं, पुरुषांची गर्दी कशाला म्हणून त्या ओरडल्या होत्या. मग पैलवानांनी शेडमधली दोन बाकडी आणून टाकली आणि म्हणाले, बाई, ह्यांच्या कानावर सगळं घाला, सुजेचं, डोक्याचं, रक्त गेल्याचं, कुठं न्यायचं, गाडी कुणाची सांगून ठेवायची. औषध बायकांना द्या आणि भ्या गड्यांना द्या. परत येताना मी त्यांना विचारलं, की माणसांना धीर द्यायचा सोडून तुम्ही उलटं का करता? ते म्हणाले, "धीर लय दिला, पाव्हणं. माझ्या बापाला, आक्काच्या सासऱ्याला, सगळ्यास्नी लय धीर व्हता. थांबाय धीरच लागतो. पळाय भ्या लागतं."

मी हसलो. उंब्रजला येईपर्यंत मात्र ते वाक्य माझ्याबरोबर एसटीत शेजारी बसून आलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते झालं. दुपारची वेळ होती. मंगल औंधाला गेली होती, यमाईला प्राजूसाठी ओटी भरायला, शेजारच्या बायकांबरोबर. घरात मी, संग्राम, प्राजू आणि आमच्या थोरल्या वहिनी. मी आतल्या खोलीत पडलो होतो. प्राजूचा आवाज आला, "बाबा, जरा लाईट लावा ना." दुपारी दोनचं ऊन दारातून आत आलं होतं.

मी बाहेर आलो तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही हातांनी कपाळ धरून. चेहरा सकाळपेक्षा वेगळा दिसत होता. कुणीतरी माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच बाईचा जाड चेहरा चढवावा तसा. म्हणाली, डोकं फुटतंय, डोळ्यापुढे काजवे चमकतायत. संग्रामनं पट्टा बांधला. घुर्र. त्यानं आकडा पाहिला आणि पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. परत घुर्र. या वेळी मी चपला घालायला गेलो नाही. त्याच्या खांद्यावरून मी वाकून पाहिलं. जन्म भांड्यांची वजनं आणि भाव करण्यात गेला, आकडे मला कधी घाबरवत नाहीत. त्या आकड्यानं घाबरवलं.

वहिनी म्हणाल्या, उन्हाचं आहे, कांदा फोडून हुंगवा, दृष्ट काढते, तासाभरात उतरेल. तासाभरात. मला तो शब्द किती गोड वाटला म्हणून सांगू. कुणीतरी मोठ्या माणसानं थांबा म्हटलं होतं.

संग्राम माझ्याकडे बघत होता. "मामा, काय करायचं?"

"तुम्ही सांगाल तसं," मी म्हणालो.

"नाही, तुम्ही मोठे आहात."

"मोठा असलो तरी ती आता तुमच्या घरची. डॉक्टर सिझर म्हणाले, तर..."

"पण घर तुमचं आहे, मामा. तुम्ही म्हणाल तसं."

मधे प्राजू कपाळ धरून बसलेली, आणि तिच्या दोन बाजूंना आम्ही दोघं एकमेकांचा मान राखत उभे. मला हे कळत होतं. पायरीवर बसून ऐकलेलं सगळं मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी माझ्या तोंडून पुढचं वाक्य आलंच, "एकदा व्याह्यांना विचारू." विचारायला फोन करायचा नाही असं ज्यांनी बजावलं होतं, त्यांनाच. संग्रामनं मान डोलवली. त्यालाही बरं वाटलं असावं.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मी सांगायला लागलो, की प्राजूचं डोकं दुखतंय, मशीन असं असं दाखवतंय, तेव्हा म्हटलं आपला विचार...

"पाव्हणं, कुठनं बोलताय?"

"घरातनं," मी म्हणालो.

फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. परत लावला, त्यांनी कापला. परत लावला, तर बाई सांगायला लागली की आपण संपर्क करू इच्छित असलेला ग्राहक फोन बंद करून बसला आहे. तवर मी मेलो समजा, म्हणाले होते. माझ्या हातातला फोन थंड पडल्यासारखा वाटला. पलीकडे खरंच कुणी नव्हतं. विचारायला आता जगात कुणीही शिल्लक नव्हतं.

"काय म्हणाले आप्पा?" संग्रामनं विचारलं.

"कुठनं बोलताय, म्हणाले."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि खुंटीवरची गाडीची किल्ली काढली.

घाईत माणूस काय उचलेल सांगता येत नाही. प्राजूची फाईल संग्रामनं घेतली, उशी वहिनींनी घेतली, मी पितळी तांब्या घेतला. रिकामा. तो मांडीवर धरून मी मागे प्राजूशेजारी बसलो, पायात चप्पल नाही. कराड जवळ आहे, एरवी गप्पा सुरू होईतो येतं. पण पुलाच्या कामानं रस्ता एका बाजूला वळवलेला, आणि पुढे ट्रकांची रांग. गाडी थांबली. प्राजूनं माझा हात धरला. तिची बोटं सुजून गुळगुळीत झाली होती, बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. तिला उलटी झाली, ती त्या तांब्यात. मग ती म्हणाली, "बाबा, मला नीट दिसत नाहीये." मी म्हणालो, उन्हामुळे, आणि वहिनींचंच वाक्य आपल्या तोंडात आलं हे मला कळलं. आता हिला झटका आला तर काय करायचं, तोंडात काय घालतात, काही घालायचं नसतं की घालायचं असतं, मला काही आठवेना. मी रिकाम्या हातानं बापाला करता येते तेवढी एकच गोष्ट केली, तिचा हात धरून बसलो.

संग्राम खाली उतरला. जो मुलगा रिक्षावाल्याला सॉरी म्हणतो, तो रांगेच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "आवं दादा, माझी बायको आहे गाडीत. मला लय भ्या वाटतंय. वाट द्या."

त्यानं दम दिला असता, शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित भांडण लागलं असतं. पण भर रस्त्यात एक तरणा माणूस मला भ्या वाटतंय म्हणून ओरडतोय, हे कुणी ऐकलेलं नसावं. ट्रकवाले खाली उतरले. कुणी बॅरिकेड सरकवलं, कुणी मोटरसायकली बाजूला ओढल्या, आणि आमची गाडी मातीच्या कडेनं हेलकावे खात निघाली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी प्राजूला पाहिलं आणि त्यांची चाल बदलली. नवरा कोण, त्यांनी विचारलं. संग्राम पुढे झाला. बाईंनी त्याला उभ्या उभ्या सांगितलं, की झटका कधीही येऊ शकतो, तो येऊ नये म्हणून इंजेक्शन देतोय, बाळ लगेच काढावं लागेल, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही. दोघांचंही, म्हणजे आई आणि बाळ. त्यानं सही केली. माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला इतकं हलकं आणि इतकं भयंकर कधी वाटलं नव्हतं. मग ऑपरेशनच्या दारापर्यंत तो तिच्या स्ट्रेचरबरोबर तिचा हात धरून चालत गेला.

मी फोन लावला. तो चालू होता.

"कुठनं बोलताय?"

"दवाखान्यातनं. कराडातनं. आत घेतलंय."

"निघालो," ते म्हणाले.

ते येईपर्यंत बाळ झालं होतं. मुलगी, मूठभर, काचेच्या पेटीत ठेवलेली. प्राजू अजून शुद्धीवर नव्हती, आणि डॉक्टरबाई उद्या सकाळपर्यंत काही बोलायला तयार नव्हत्या. मंगल औंधाहून परस्पर आली होती, ओटीचा नारळ पिशवीत तसाच. मी खाली व्याह्यांना बघायला गेलो. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, अंगावर शेडमधली धूळ, गंधकाचा वास. वर चला म्हटलं तर म्हणाले, पाय उचलत नाहीत. मी हात पुढे केला. दर बारीला समोरच्याला उचलून आपटलेल्या त्या हातानं माझा हात घट्ट धरला. "फोन ठिवला तवा वाटलं," ते म्हणाले, "मी परत सायकलवर बसलो." त्यांना आधार देत मी जिना चढवला. म्हणजे मी चढवला असं मला वाटलं. खरं तर मीही त्यांना धरूनच चढत होतो.

सकाळी प्राजूनं डोळे उघडले आणि पहिल्यांदा विचारलं, की तांब्या कुणी घासला का. पुढे काही दिवसांनी पेटीतली पोरही घरी आली.

बारशाला आमच्याकडे मशीनचा खेळच झाला. जो तो दंड पुढे करून बसला. कुणीतरी म्हणालं, पैलवानांचं बघा. पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला, तर दोन टोकं एकमेकांना भेटेनात. जोर करून कसंबसं चिकटवलं, बटण दाबलं, आणि पट्टा फुगताना टर्रकन सुटून पाळण्याखाली जाऊन पडला. सगळे हसून लोटपोट. "मशीन भ्यालं मला," दौलतराव म्हणाले. मंगल हसली नव्हती. तिनं त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, की तुमच्या मापाचा मोठा पट्टा मिळतो, तो आणा. ते म्हणाले, आणतो की विहीणबाई, एवढा सीझन होऊ द्या. संग्रामनं पुढे तो आणलाही. शेडमध्ये खुंटीला तो तसाच, न वापरता अडकवून ठेवला होता. सगळ्यांच्या वाटणीचं भिता भिता या माणसाची स्वतःच्या वाटणीची भीती उरलीच नव्हती बहुतेक.

यंदाच्या सीझनला, जाळीवरची द्राक्षं हलवताना, ते एका अंगानं खाली बसले ते उठले नाहीत. गाडी काढायला संग्राम धावला, तो ट्रॅक्टरवाला धावला. दवाखान्यात वेळेत पोचले, पण डोक्यातली नस आधीच फुटली होती. त्यांच्या मातीला मी इतके तरुण बाप कधी एका जागी पाहिले नव्हते. बरेच जण मुलं कडेवर घेऊन आले होते. रडत होते, आणि ते लपवत नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर संग्रामनं तो जुना खोका माझ्या हातात दिला. म्हणाला, मामा, हे तुमच्याकडे राहू दे. परतीच्या वाटेवर मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो. कोपऱ्यावर कुंकवाचा फराटा अजून होता, जरा काळपट पडलेला. मंगल खिडकीतून बाहेर बघत होती. गेले काही दिवस सकाळी उठताना मला जरा गरगरत होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण भिंतीला हात लावून उभा राहणारा नवरा बायकोला दिसत नाही, असं समजणारा मी एकटाच असेन.

घरी आलो. हातपाय धुतले. खोका कुठं ठेवावा हे सुचेना, आणि पाय आपसूक देवघराकडे वळले. मागून मंगलचा आवाज आला.

"देवापुढं नको ते. इथं बसा, आणि बाही वर करा. मला भीती वाटतीय."